सही नसलेला वार

गडचिरोलीला बदली झाल्याचं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुणाशी वाजलं का?" दुसरा प्रश्न, "रद्द होण्यासारखी आहे का?" तिसरा प्रश्न सहसा येत नाही. तिथं काय असतं, लोक कसे आहेत, हे विचारावंसं कुणाला वाटत नाही. गडचिरोली म्हणजे शिक्षा, हे सगळ्यांनी मनोमन धरलेलं असतं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा बारा तालुक्यांचा जिल्हा नोकरदारांच्या बोलण्यात जिल्हा म्हणून येतच नाही, धमकी म्हणून येतो.

मी बँकेच्या नोकरीत या जिल्ह्यात राहिलो आहे, त्यामुळे धमकी ऐकणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. घर नागपुरात किंवा पुण्यात, मुलं शाळेत, आई-वडील थकलेले, आणि इथं एक खोली, एक शेगडी, दोरीवर वाळणारे दोन शर्ट. अशा माणसाचं लक्ष शुक्रवार उजाडल्यापासूनच घड्याळाकडे असतं. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. दोन्ही निर्णय चांगलेच. पण गडचिरोलीत त्यांचा एक परिणाम असा झाला की, शुक्रवारी संध्याकाळी साहेब लोकांनी भरलेल्या गाड्या जिल्ह्याबाहेर निघतात आणि सोमवारी दुपारपर्यंत कचेऱ्या पेंगत राहतात. जवळपासच्यांचं तर रोजचंच अपडाऊन. या प्रकाराला इतकी वर्षं झाली आहेत की 'अपडाऊन करतात' हे वाक्य आता तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून उच्चारलं जातं.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे. शिक्षक, ग्रामसेवकांनी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणावा, मग घरभाडे भत्ता मिळेल, असंही सांगून झालं. ठराव मिळतात. कसे मिळतात हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि गाव बोलत नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना 'एकस्तर' वेतनाचा लाभही आहे, म्हणजे शिक्षेची भरपाई. या सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच समज आहे : माणूस रात्री कुठे झोपतो यावर तो त्या गावचा होतो की नाही हे ठरतं. मला हे पटत नाही. मुक्काम करून गावात परके राहिलेले अधिकारी मी भरपूर पाहिले आहेत. खोलीचं दार लावून, मोबाइलवर क्रिकेट पाहत ते मुख्यालयी अगदी नियमाने राहतात. माणूस जिथं नोकरी करतो ते गाव त्याला कामाच्या दिवशी कळतच नाही, ते सुट्टीच्या दिवशी कळतं. तेही एकट्याला नाही, सोबत कुणी असलं तर.

कामाच्या दिवशी आपल्या हातात सही असते. कर्जाचं प्रकरण, दाखला, मस्टर, पंचनामा, रजेचा अर्ज, काहीही असो, समोरचा माणूस आपल्या सहीशी बोलत असतो. तो नम्र असतो, थोडं खोटं बोलतो, बरंचसं गाळतो. यात त्याचा दोष नाही. सहीसमोर शहाणा माणूस असाच वागतो, आपणही आपल्या वरिष्ठासमोर असेच वागतो. साहेब दौऱ्यावर गेले तरी फरक पडत नाही, कारण दौरा साहेबांच्या आधी पोचलेला असतो. शाळेचं अंगण झाडलेलं असतं, नारळ आणि शाल तयार असतात, कोणत्या घरी चहा घ्यायचा हे ठरलेलं असतं. दौऱ्यात साहेबांना गाव दिसतं असं म्हणतात. खरं तर गावाला साहेब दिसतात.

रविवारी सही नसते. एवढ्याशा फरकाने सगळं उलटं होतं. आता विचारणारे आपण असतो. आठवडी बाजारात पावसाळ्याच्या सुरुवातीला बाई जमिनीवर वास्ते मांडून बसलेली असते. हे बांबूचे कोवळे कोंब, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, सगळ्यांच्या परिचयाचे, पुण्याहून आलेल्याला मात्र ते भाजी आहे की सरपण हेसुद्धा समजत नाही. कसं चिरायचं, पाणी किती वेळा काढायचं, कशात घालायचं, हे तिला विचारावं लागतं. हीच बाई मंगळवारी बँकेत येते, विड्रॉल स्लिप कुणी भरून देईल का म्हणून दाराशी उभी राहते आणि आपण काउंटरवरून तिच्या अंगठ्याकडे पाहतो. बाजारात मात्र अडाणी आपण असतो. ती हसते, शेजारणीला काहीतरी सांगते, दोघी हसतात. हसू द्यावं. मंगळवारी स्लिप भरून देताना त्या हसण्याचा उपयोग होतो.

आता सोबतीचं. एकटा बाहेरचा माणूस खेड्यात भटकताना दिसला की पहिला संशय येतो तो वसुलीचा. दुसरा कसला येतो ते या जिल्ह्यात मोठ्याने बोलत नाहीत. दोघे-चौघे असले, त्यात एक जण तिथलाच असला, की लोक ओट्यावर बसायला सांगतात. आमच्या शाखेत फिरणाऱ्यांची टोळी म्हणावी अशी जमली होती : कोकणातला रोखपाल, सोलापूरकडची एक तरुण अधिकारी, मी, आणि ज्यांच्याशिवाय हे काही शक्यच नव्हतं ते आमचे शिपाईभाऊ. कामाच्या दिवशी ते आम्हाला "साहेब, मॅडम" म्हणत आणि आम्ही सांगू ते करत. रविवारी ते पुढे चालत आणि आम्ही त्यांच्या मागे. कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या घरी थांबायचं, कुठे कॅमेरा काढायचा नाही, कुठून अंधार पडायच्या आत परतायचं, हे सगळं ते ठरवत. हा जिल्हा असा आहे की ही शेवटची गोष्ट थट्टेची नाही. त्यांनी "आज तिकडं नको" म्हटलं की कारण विचारायचं नाही, हा आमचा अलिखित नियम होता. हुद्द्याची उतरंड आठवड्यातून एकदा अशी उलटी झाली की आठवडाभर तिच्यातून थोडी हवा गेलेली राहते. कार्यालयात बसून हा बदल कुठल्याही प्रशिक्षणाने घडताना मी पाहिलेला नाही.

सोबतीचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येकाचे डोळे वेगळे. धानाच्या बांध्या पाहून कोकणातल्याला रोवणीचे दिवस, चिखल, मजुरी लगेच कळे. सोलापूरच्या बाईंची नजर मात्र पाण्यावर. गावोगावचे ते जुने तलाव, ज्यांना इथं सगळे 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते पाहून त्या अवाक् झाल्या. दुष्काळी मुलखातून आलेल्या माणसाला तलाव दिसला की तो आधी पाळीवर चढतो आणि मग गाळ किती साचलाय ते पाहतो. मी तिथं बसून चहा प्यायलो असतो. पाण्याचं वाटप कोण करतं, तलाव कधी फुटला होता, मासेमारी ढीवरांच्या सोसायटीकडे आहे की आणखी कुणाकडे, हे प्रश्न त्यांनी विचारले म्हणून मला कळलं. सिंचनाची सोय असलेला शेतकरी आणि नसलेला, हे आमच्या फॉर्मवरचे दोन चौकोन आहेत. प्रत्यक्षात एकाच तलावाखाली पहिलं पाणी घेणारा आणि शेवटचं घेणारा यांच्यात जो फरक असतो, त्याला फॉर्मवर चौकोन नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते नाटकाने. झाडीपट्टीची रंगभूमी हे पश्चिम महाराष्ट्राला कळलेलं प्रकरण नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. देसाईगंज, ज्याला लोक वडसाच म्हणतात, तिथं नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, कुठे शंकरपट असतो, दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. शेतात कनातीने जागा बंदिस्त करतात आणि मागच्यालाही रंगमंच दिसावा म्हणून प्रेक्षकांची जमीन खणून उतरती करतात. थंडी चांगली बोचरी, आणि पोरं-बाळं, म्हातारे-कोतारे ब्लँकेटं घेऊन आलेले. दहाच्या आसपास पडदा उघडतो तो पहाटे कधीतरी मिटतो. मधे गाणी, नाच, विनोदी पात्राचे लांबलचक प्रवेश, आणि खलनायकाला खच्चून शिव्या. शहरी समीक्षक बटबटीत म्हणेल. म्हणू दे. तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक त्याने आधी आपल्या शहरात दाखवावा.

दोन अंकांच्या मधल्या वेळात बाहेर चहाच्या गाड्यावर एक शेतकरी भेटला. आमचाच कर्जदार, थकबाकीच्या यादीतला. शाखेत आला की हात जोडून "भरतो साहेब, भरतो" याखेरीज बोलत नसे. इथं त्याने आमच्या चहाचे पैसे दिले, आम्ही देऊ लागलो तर रागावला, आणि स्वतःहून सांगू लागला. धान खरेदी केंद्रावर घातलंय, चुकारा अजून आलेला नाही. व्यापाऱ्याला कमी भावात दिलं असतं तर पैसे हातात आले असते, बँकेचं भरलं असतं, पण नुकसान झालं असतं. मग मंडईला पाहुणे आले, त्यांचं करावं लागलं, मुलीची सोयरीक याच पाहुण्यांतून जमायची आहे. तुमचं चुकारा आल्यावर पहिलं. हे सगळं पाच मिनिटांत, गरम चहा फुंकत. आमच्या खात्यात अशा खर्चाला 'अनुत्पादक' म्हणतात. त्याच्या हिशोबात मंडई म्हणजे सोयरिकी जुळण्याची, उसनवारी फिटण्याची, मजूर ठरवण्याची जागा होती, वर्षाचं सामाजिक ताळेबंद पत्रक म्हणा हवं तर. तो पैसे बुडवणारा नव्हता, हप्त्याची तारीख चुकीची होती. चुकारा कधी येतो हे न पाहता ठरवलेली तारीख पाळली गेली नाही, तर दोष कुणाचा, हा प्रश्न सोमवारी शाखेत चर्चेला आला. तो रविवारच्या पहाटेशिवाय आला नसता.

कामापुरतं आलेल्या माणसांनी सुट्टीत केलेली भटकंती ही विदर्भात नवी गोष्ट नव्हे. नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांचं काम शाळा आणि धर्मप्रचार. पण १८५० च्या सुमारास या दोघांनी मिळून नागपूरच्या परिसरात, टाकळी-सीताबर्डीच्या बाजूला, पायी फिरून खडकांतले शंखशिंपले, वनस्पतींचे आणि प्राण्यांचे अवशेष गोळा केले आणि या मुलखाच्या भूस्तरांवर लंडनच्या नियतकालिकात लिहिलं. हिस्लॉप गोंडांची भाषा आणि गाणी टिपत राहिले. १८६३ साली टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. सिरोंच्याजवळ वडधमला आज जीवाश्म पाहायला शाळेच्या सहली जातात, त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या अभ्यासाची सुरुवातीची पानं अशाच माणसांनी लिहिली आहेत.

मात्र या उदाहरणाने फार हुरळून जाऊ नये. त्या काळी फिरणाऱ्याची वही शेवटी कुठे जायची हेही पाहायला हवं. लूसी स्मिथ या अधिकाऱ्याचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. जिल्हा पिंजून काढल्याशिवाय असा अहवाल होत नाही, आणि तो शेवटी सारा किती घ्यायचा हे ठरवण्यासाठीच असतो. ओळख होती, पण तिच्या टोकाला वसुली होती. वाट दाखवणाऱ्या माणसांची नावंही अशा कागदांत क्वचितच सापडतात. आपल्यापुरता त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे : रविवारी जे कळलं ते सोमवारी समोरच्याच्या विरोधात वापरायचं नाही. चहाच्या गाड्यावर कुणी मुलीच्या सोयरिकीचं सांगितलं म्हणून "पाहुण्यांवर खर्च करायला पैसे आहेत तर" असं वसुलीच्या नोटिशीत आलं, तर पुढच्या रविवारी आपल्याशी कुणी बोलणार नाही, आणि बोलूही नये.

लेखक मारुती चितमपल्ली यांचं उदाहरण वेगळं. ते सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीने त्यांना नवेगाव, नागझिऱ्याच्या रानात आणलं आणि तिथल्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावं घेतली. मराठीला रानाचा एक मोठा शब्दसाठा त्यामुळे मिळाला. त्यांचं तर कामच रानात होतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्याच खात्यात, त्याच रानांत नोकरी करून रिकाम्या हातांनी निवृत्त झालेल्यांची संख्याही लहान नसावी.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप घराचा. आठवड्याने मुलाचं तोंड पाहणाऱ्या माणसाला तू रविवारी मार्कंड्याला जा असं सांगणं क्रूरपणाचं आहे. मान्य. सगळे रविवार कुणी मागत नाही. महिन्यातला एक पुरे, आणि त्या एकाला घरच्यांनाच इकडे बोलवावं. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि तिच्या काठावर शिल्पांनी मढवलेला देवळांचा समूह उभा आहे. डागडुजी वर्षानुवर्षे रेंगाळलेली, तरी भिंतीवरची एकेक मूर्ती पाहत अख्खी दुपार जाते. मुलखाच्या नुसत्या नावाने धास्तावलेली बायको-मुलं एकदा इथं येऊन गेली की नवऱ्याच्या बदलीबद्दलचं घरातलं बोलणं बदलतं, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो अधिक कठीण. उपकेंद्रातली परिचारिका, आश्रमशाळेतली शिक्षिका, यांना 'जरा फिरा, गाव पाहा' म्हणणं पुरुषाला सोपं जातं. तिला रविवारीसुद्धा बाळंतपणाचं बोलावणं येतं, आणि रस्त्यावर तिच्याकडे पाहणारे डोळे वेगळे असतात. पण 'सोबत' या गोष्टीचा खरा अर्थ मला अशा बायकांकडूनच समजला. एका परिचारिकेने आणि एका शिक्षिकेने आपसात ठरवून टाकलं होतं, बाजाराला दोघींनी मिळून जायचं आणि परतताना दर वेळी वेगळ्या टोल्यातून यायचं. सोबतीला आशाताई. कुठल्या घरात कोण गरोदर आहे हे एकीला कळे, कुठल्या घरातली मुलगी शाळेतून गळली हे दुसरीला. त्या त्याला फिरणं म्हणतच नव्हत्या.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त टोचतो. सुट्टी ही कामगाराने भांडून मिळवलेली गोष्ट आहे. ती कामाच्या सुधारणेसाठी वापरा असं म्हणणं म्हणजे मालकाच्या मनातलं बोलणं. म्हणूनच मला हे कुठल्याही परिपत्रकात नको आहे. 'प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून एकदा परिसर-परिचय सहल करून फोटो अपलोड करावेत' असा आदेश निघाला की, पुढच्या रविवारी बोलेरोत चिकन भरून तलावावर पार्टी होईल, फलकासमोर रांगेत उभं राहून फोटो निघेल आणि अहवाल जाईल. तशाही पार्ट्या होतातच, आणि त्यांनी गाव कळत नाही, गावाला फक्त प्लेटा उचलाव्या लागतात. आपण होऊन गेलो, जायची सक्ती नव्हती, हे समोरच्याला दिसलं तरच तो मोकळा होतो.

आणि ज्यांना सुट्टीच नाही त्यांचं काय? याच जिल्ह्यातून धान कापून झाल्यावर कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तीही कामापुरती दुसरीकडे गेलेली माणसं. तोडणी किलोवर, बसलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. तिथला परिसर पाहायला हवा असं त्यांना कोण सांगणार? मला वाटतं, म्हणूनच हा लेख पगारदारांना उद्देशून आहे. ज्याच्या रजिस्टरला सुट्टी आहे आणि ज्याच्या सहीवर दुसऱ्याचं पोट अवलंबून आहे, त्याच्यावरच गाव ओळखण्याची जबाबदारी येते. मिरची तोडणाऱ्याने तेलंगणा ओळखला नाही तर कुणाचं अडत नाही. आपण गडचिरोली ओळखली नाही तर रोज कुणाचं ना कुणाचं अडतं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा साधारण तीन वर्षांचा कालावधी धरतो. एवढ्या थोड्या वेळात काय कळणार, असं म्हणून हात झटकता येतात. माझा अनुभव उलटा आहे. जाणार हे ठाऊक असलेला माणूस घाईने पाहतो. जन्मभर इथं राहिलेल्याला सिरोंचा पाहायचा राहून जातो, कारण तो कुठे पळून चालला नाही. आम्ही मात्र जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या त्या गावी गेलो, आणि त्याच जिल्ह्यात दुकानदारांना तेलुगूत बोलताना ऐकलं. मुलचेरा-चामोर्शीच्या बंगाली वस्त्यांत दुर्गापूजा पाहिली, कोरचीकडे छत्तीसगढी ऐकली, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावात जाऊन बसलो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकणारं ते गाव. 'मागास' या रकान्यात बसवलेल्या माणसांच्या ग्रामसभेचा हिशोब किती चोख असतो हे तिथं कळलं. आमच्याकडे ग्रामसभांची खाती होतीच, पण खातं आणि गाव यांची गाठ तोवर पडली नव्हती.

अडचण पुढेच आहे. हे सगळं माणसाबरोबर निघून जातं. चार्ज देताना चाव्या मोजून देतात, रोख मोजून देतात, फायलींची यादी दोघांच्या सहीने होते. कुठल्या तलावाखाली कोणाला शेवटचं पाणी मिळतं, चुकारे कधी येतात, कुठल्या गावी अंधारानंतर थांबायचं नाही, हे यादीत लिहायला जागा नसते. म्हणून दर तीन वर्षांनी जिल्हा पहिल्यापासून ओळख करून देत बसतो, आणि कधीतरी कंटाळून ते करणं सोडूनही देतो. माझ्या जागी साताऱ्याकडचे एक साहेब आले. चार्ज घेताना त्यांचा चेहरा उतरलेला होता, बदली रद्द व्हायची फाइल बँकेच्या मुख्य कार्यालयात फिरत होती. त्यांनी शिपाईभाऊंना विचारलं, "नागपूरची शेवटची गाडी किती वाजता?" शिपाईभाऊंनी वेळ सांगितली, आणि पुढे म्हणाले, "पण या शनवारी नका जाऊ साहेब. शंकरपट हाय, रातच्याला नाटक हाय. तिकिटं मीच काढून राह्यलो."